एका अर्जदाराची कलासाधना

२५ फेब्रुवारी १९९४ रोजी बॉन येथे जर्मनीच्या लोकसभेपुढे, म्हणजे बुंडेस्टागपुढे, जो प्रश्न चर्चेस आला तसा प्रश्न संसदांच्या कामकाजात क्वचितच आढळेल. बर्लिनमधील राइशस्टाग ही जुनी संसदवास्तू एका कलावंतास कापडात गुंडाळू द्यावी की नाही, एवढाच तो प्रश्न होता. चर्चा सत्तर मिनिटे चालली. चॅन्सेलर हेल्मूट कोल यांचा या कल्पनेस विरोध होता, आणि त्यांच्याच पक्षाचे वोल्फगांग शॉयब्ल यांनी विरोधी बाजू मोठ्या तळमळीने मांडली. राष्ट्राची प्रतीके लोकांस एकत्र आणण्यासाठी असतात, अशा प्रयोगाने मात्र लोकांत दुफळी माजेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अखेर नावानिशी मतदान झाले. २९२ सदस्यांनी अनुकूल मत दिले, २२३ जणांनी प्रतिकूल, आणि ९ जण तटस्थ राहिले. या कल्पनेचा जन्म १९७१ साली झाला होता. तिला १९७७, १९८१ व १९८७ असा तीन वेळा स्पष्ट नकार मिळालेला होता.

अर्जदाराचे नाव ख्रिस्तो व्लादिमिरॉव्ह याव्हाशेव्ह. जग त्यास नुसत्या ‘ख्रिस्तो’ या नावाने ओळखते. जन्माने तो बल्गेरियन, वास्तव्याने न्यू यॉर्कचा, आणि मधली सुमारे सतरा वर्षे कोणत्याच देशाचा नव्हता. चित्र भिंतीवर टांगावे आणि पुतळा चौथऱ्यावर उभा करावा, ही रूढ रीत सोडून एखादी जागाच अशी पालटून टाकावयाची, की प्रेक्षकाला त्या कृतीच्या आत शिरून वावरावे लागेल, या कलाप्रकारास मराठीत अलीकडे ‘मांडणशिल्प’ हे नाव रुळले आहे. ख्रिस्तो आणि त्याची पत्नी झान-क्लोद यांच्या कृती सामान्यतः याच सदरात घातल्या जातात. मात्र इतरांची मांडणी एखाद्या दालनात मावते. या दांपत्यास दरी, पूल, बेटे आणि समुद्रकिनारे पुरत नसत. कापड किती लागले, दोर किती लागला, याचे आकडे सांगणारे लेखन विपुल आहे, आणि त्यातले काही आकडे आम्हांसही पुढे द्यावे लागतीलच. परंतु या चरित्रातील आम्हांस सर्वांत विचारार्ह वाटणारी गोष्ट वेगळी आहे. कलाकृती पंधरा दिवस टिके, आणि तिच्या परवानगीची फाईल दहा-दहा, वीस-वीस वर्षे चाले. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा दिवस त्या फायलीच्या अलीकडच्या बाजूस बसून टिपणे लिहिण्यात जातो. टेबलाच्या पलीकडे कागद घेऊन उभा राहिलेला हा गृहस्थ त्यांस परका वाटणार नाही.

ख्रिस्तोचा जन्म १३ जून १९३५ रोजी बल्गेरियातील गाब्रोव्हो या गिरण्यांच्या गावी झाला. वडिलांचा कारखाना होता. साम्यवादी राजवट आल्यावर तो सरकारजमा झाला. १९५३ ते १९५६ ही तीन वर्षे ख्रिस्तो सोफिया येथील कला-अकादमीत शिकला. चित्र कशाचे काढावे, कामगाराचा चेहरा कसा आशावादी दिसावा, हे तेथे शासन ठरवी. त्या काळातील एक हकीकत त्याच्या बहुतेक चरित्रकारांनी सांगितली आहे. ओरिएंट एक्स्प्रेस ही सुप्रसिद्ध गाडी बल्गेरियातून जात असे. पाश्चात्त्य प्रवाशांच्या नजरेस सुबत्तेचे चित्र पडावे म्हणून अकादमीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीच्या दिवशी रुळांलगतच्या खेड्यांत धाडले जाई. गवताच्या गंजी कशा रचाव्या, यंत्रे कोठे उभी करावी, कोणती वस्तू ताडपत्रीखाली झाकावी, हे शेतकऱ्यांस सांगणे त्यांचे काम. ख्रिस्तोला वस्तू झाकण्याचा नाद येथूनच लागला, असे काही समीक्षक म्हणतात. ते खरे असेल वा नसेल. आम्हांस या हकीकतीत दुसरीच गोष्ट जाणवते. जमीन शेतकऱ्याची, गंजी शेतकऱ्याची, पण ती हलविण्यापूर्वी त्याची संमती विचारावी असे कोणाच्या मनातही येत नव्हते.

१९५६ साली तो प्रागला गेला. त्याच वर्षी हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. जानेवारी १९५७ मध्ये औषधे वाहून नेणाऱ्या मालगाडीच्या डब्यात लपून ख्रिस्तोने सरहद्द ओलांडली आणि व्हिएन्ना गाठले. तेथून जिनिव्हा, आणि १९५८ साली पॅरिस. मायदेशाचे नागरिकत्व गेले, दुसरे मिळाले नाही. ते मिळावयास १९७३ साल उजाडावे लागले. निर्वासिताची कागदपत्रे म्हणजे काय असते हे फाळणीनंतरच्या दिल्लीत वा मुंबईत नोकरी केलेल्या जुन्या पिढीस सांगावयास नको. राहावयाचे, काम करावयाचे, गाव सोडावयाचे, तर प्रत्येक वेळी कोणा तरी कारकुनाच्या शिक्क्याची वाट पाहावयाची.

पॅरिसमध्ये पोटासाठी तो श्रीमंतांची व्यक्तिचित्रे रंगवी. त्यांवर तो आडनावाने सही करी; ‘ख्रिस्तो’ हे नाव त्याने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवले होते. डबे, बाटल्या, पिंपे अशा क्षुद्र वस्तू कापडात गुंडाळून दोराने बांधणे हे ते काम. अशाच एका व्यक्तिचित्राच्या निमित्ताने तो जनरल द गियबाँ यांच्या घरी गेला. चित्र जनरलसाहेबांच्या पत्नीचे होते. तिची कन्या झान-क्लोद. योगायोग असा, की तिचा जन्मदिवसही १३ जून १९३५ हाच. जन्मस्थान मात्र मोरोक्कोतील कॅसाब्लांका. घरच्यांच्या नाराजीस न जुमानता तिने या बिनदेशाच्या चित्रकाराशी संसार मांडला. पुढे सर्व व्यवहार, हिशेब, करारमदार व भांडणे तिनेच सांभाळली. केवळ साहाय्यक म्हणून तिचे नाव इतकी वर्षे मागे राहिले, हा अन्याय होता. १९९४ मध्ये दोघांनी जाहीर केले, की बाहेरच्या जागेतील सर्व कृती दोघांच्या संयुक्त नावाने ओळखल्या जाव्यात.

ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. २७ जून १९६२ च्या रात्री या दोघांनी पॅरिसमधील रू व्हिस्कोंती ही अरुंद गल्ली तेलाची ८९ पिंपे रचून बंद केली आणि त्या अडसरास ‘लोखंडी पडदा’ असे नाव दिले. परवानगी मागितली होती, ती मिळाली नव्हती. पोलीस आले. झान-क्लोदने त्यांच्याशी हुज्जत घालून काही तासांची सवड मिळविली, आणि मग पिंपे उतरविण्यात आली. तरुण कलावंताला शोभेल असेच ते धाडस होते. परंतु ज्या मार्गाने कीर्ती लवकर मिळते तो हा मार्ग त्याने पुढे चालविला नाही. १९६४ साली न्यू यॉर्कला स्थायिक झाल्यावर त्याच्या कृतींचा आकार वाढत गेला. १९६९ मध्ये सिडनीजवळच्या लिटल बे येथील सुमारे अडीच किलोमीटर खडकाळ किनारा त्याने कापडाने आच्छादला. १९७२ च्या ऑगस्टात कोलोरॅडोतील एका दरीवर नारिंगी पडदा ताणला. अठ्ठावीस तासांत वादळाने तो काढणे भाग पाडले. एवढ्या मोठ्या कामास जागा लागते, आणि जागा कोणाची तरी असते. तेव्हापासून परवाना हा त्याच्या कलेबाहेरचा विषय राहिला नाही.

कॅलिफोर्नियातील ‘धावते कुंपण’ हे याचे उत्तम उदाहरण होय. सोनोमा व मरिन या दोन कौंटींच्या टेकड्यांवरून साडेपाच मीटर उंचीचे पांढऱ्या नायलॉनचे कुंपण ३९.४ किलोमीटर धावत जावे आणि शेवटी पॅसिफिक महासागरात उतरावे, अशी कल्पना होती. वाटेत ५९ पशुपालक शेतकऱ्यांच्या जमिनी होत्या. प्रत्येकाची स्वतंत्र संमती आवश्यक होती. इंग्रजी धड न बोलणारा, लांब केसांचा हा परदेशी मनुष्य आणि त्याची फ्रेंच पत्नी त्या शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसत, कॉफी पीत, आणि आपल्या कुंपणाचे नकाशे टेबलावर पसरीत. हे कुंपण गुरे अडविणार नाही, पंधरा दिवसांनी काढले जाईल, आणि कापड व खांब ज्याच्या त्याच्या जमिनीवर त्यालाच मिळतील, एवढे समजल्यावर शेतकरी ऐकू लागले. खरा विरोध निराळ्या लोकांनी केला. त्यांत निसर्गरक्षक होते आणि, लिहिताना थोडी मौज वाटते, स्थानिक कलावंतही होते. अठरा जाहीर सुनावण्या झाल्या. प्रकरण तीन वेळा न्यायालयासमोर गेले. पर्यावरणावरील परिणामांचा ४५० पानांचा अहवाल सिद्ध करावा लागला. सुमारे साडेतीन वर्षांच्या या खटाटोपानंतर सप्टेंबर १९७६ मध्ये कुंपण उभे राहिले आणि १४ दिवसांनी उतरले.

या प्रकरणावर एक चित्रपट निघाला आहे, त्यात एका सुनावणीचे दृश्य आहे. जी वस्तू पंधरवड्यात नष्ट व्हावयाची तिला कला कसे म्हणावे, या आक्षेपावर एका शेतकऱ्याची पत्नी उठून बोलते. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की मीही कधी कधी पुष्कळ कष्ट घेऊन सुरेख जेवण रांधते, ते कलाच आहे असे मला वाटते, आणि ते खाऊन संपते. या बाईने सौंदर्यशास्त्राचे ग्रंथ वाचले असतील असे वाटत नाही. पण ख्रिस्तोच्या बाजूने इतके नेमके कोणी बोलले नसावे. शाडूची मूर्ती घडवून दहा दिवसांनी ती पाण्यात सोडणाऱ्या, आणि दारातली रांगोळी दुसऱ्या सकाळी स्वतःच्या हाताने पुसून नवी घालणाऱ्या आपल्या लोकांस तर हा आक्षेप मुळात सुचलाच नसता. त्याच सुनावणीत ख्रिस्तोने सांगितले, की माझी कृती म्हणजे केवळ कापड व खांब नव्हेत; येथे जमलेले सर्वजण, विरोधकसुद्धा, तिचा भाग आहेत. हे वाक्य चातुर्याचे आहे, आणि काहींना ते धूर्तही वाटेल. पण ज्याने विद्यार्थिदशेत न विचारता शेतकऱ्यांच्या गंजी हलविण्याचे काम केले होते, त्याच्या तोंडून ते आले आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याचे वजन वाढते.

पैशाची व्यवस्थाही अशीच स्वतंत्र होती. सरकारी अनुदान नाही, व्यापारी आश्रयदाता नाही, तिकीट नाही. प्रत्येक प्रकल्पाची प्राथमिक रेखाचित्रे, चिकटचित्रे आणि नमुने विकून पैसा उभारावयाचा, आणि तो सर्व त्याच कामात ओतावयाचा. कृती प्रत्यक्षात उतरली, की त्या विषयाचे चित्र पुन्हा काढावयाचे नाही, हा नियम. दोघे विमानाने निरनिराळ्या फेरीने प्रवास करीत. एकाचे विमान कोसळले तर दुसऱ्याने काम पुरे करावे, एवढा साधा व कठोर हिशेब त्यामागे होता. १९८३ साली मायामीजवळच्या खाडीतील अकरा बेटांभोवती त्यांनी गुलाबी कापडाचे वलय तरंगत ठेवले. त्यापूर्वी त्या बेटांवरील सुमारे चाळीस टन कचरा उपसून काढला. राज्य, कौंटी, नगर आणि लष्कराचा अभियंता विभाग, अशा सर्वांची अनुमती त्यासाठी लागली. १९८५ साली पॅरिसमधील पाँ नफ हा पुरातन पूल गुंडाळला गेला, तेव्हा कल्पनेस दहा वर्षे होऊन गेली होती.

या सर्व कीर्तीच्या मध्ये एक काळी नोंद आहे, ती टाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये जपानच्या इबाराकी प्रांतात १,३४० निळ्या आणि कॅलिफोर्नियात १,७६० पिवळ्या प्रचंड छत्र्या एकाच दिवशी उघडण्यात आल्या. कॅलिफोर्नियात सोसाट्याच्या वाऱ्याने एक छत्री उखडली आणि तिच्याखाली सापडून एका स्त्रीचा मृत्यू झाला. प्रकल्प तत्काळ बंद करण्यात आला. जपानमध्ये छत्र्या उतरविताना विजेच्या तारेमुळे एक कामगार दगावला. नियम, अहवाल, तपासण्या यांना कंटाळणाऱ्या कलाप्रेमींनी हे दोन मृत्यू विसरू नयेत. वाऱ्याचा वेग किती, पाया किती खोल, असे रुक्ष प्रश्न विचारणारा अधिकारी दर वेळी कलेचा शत्रू असतोच असे नाही.

आता राइशस्टागकडे वळू. १८९४ मध्ये पुरी झालेली ही वास्तू १९३३ च्या आगीत जळाली, १९४५ मध्ये तिच्यावर सोव्हिएत झेंडा फडकला, आणि नंतर ती बर्लिनच्या फाळणीच्या अगदी रेषेवर येऊन पडली. इमारत ब्रिटिश विभागात, पण मागील बाजूस लगेच पूर्वेची हद्द. १९७१ साली बर्लिनमध्ये राहणाऱ्या मायकेल कलन या अमेरिकन गृहस्थाने ख्रिस्तोला या इमारतीचे चित्र असलेले पोस्टकार्ड पाठविले व ती गुंडाळण्याचे सुचविले. पूर्वेकडून पळून आलेल्या माणसास पूर्व-पश्चिमेच्या सांध्यावरची ही जागा मोहात पाडील यात नवल नाही. बुंडेस्टागच्या लागोपाठच्या अध्यक्षांनी नकार दिला. मग १९८९ साली भिंत पडली, आणि रीटा झ्यूसमूट या अध्यक्षाबाईंनी प्रकरण पुन्हा हाती घेतले. ख्रिस्तो व झान-क्लोद बॉनमध्ये सदस्यांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागले. साठीकडे झुकलेले दांपत्य एकेका सदस्यापुढे बसून तीच ती चित्रे दाखवीत होते. ज्या देशात जन्म घेतला तेथील संसदेत नावानिशी विरुद्ध मत देण्याची सोय नव्हती. येथे २२३ जणांनी ते दिले, आणि तरीही काम झाले.

जून १९९५ मध्ये नव्वद गिर्यारोहक दोरांवरून लोंबकळत खाली उतरले. एक लाख चौरस मीटर रुपेरी कापड आणि सुमारे साडेपंधरा किलोमीटर निळा दोर यांनी ती काळवंडलेली वास्तू एका आठवड्यात झाकली गेली. ७ जुलैपर्यंत पन्नास लाख लोक ती पाहून गेले. दुफळी माजली नाही. लोक हिरवळीवर बसून राहत, रात्री गात, कापडास हात लावून पाहत. कापड उतरल्यावर नॉर्मन फोस्टर या वास्तुविशारदाच्या योजनेनुसार पुनर्बांधणी सुरू झाली, आणि १९९९ साली जर्मन संसद तेथे राहावयास आली.

नकाराने एखाद्या कृतीचे भले होते, याचा दाखला न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सापडतो. तेथील पाऊलवाटांवर कापडी पडद्यांच्या कमानी उभारण्याचा अर्ज १९७९ मध्ये तयार झाला. उद्यानखात्याच्या प्रमुखाने १९८१ मध्ये शंभराहून अधिक पानांचा अहवाल लिहून तो फेटाळला. नुसता ‘नामंजूर’ असा शेरा न मारता एवढी कारणमीमांसा लिहिणारा अधिकारी आम्हांस आदरणीय वाटतो. त्यातील एक मुख्य भीती अशी, की कमानींसाठी हजारो खड्डे खणले जातील व झाडांच्या मुळांस अपाय होईल. २००३ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कारकीर्दीत अनुमती मिळाली, तोवर कलावंतांनी आराखडा बदलला होता. कमानींची संख्या मूळच्यापेक्षा बरीच कमी झाली. त्या जमिनीत न रोवता पोलादी जड बैठकींवर उभ्या केल्या. हंगामही पानगळलेल्या फेब्रुवारीचा निवडला. १२ फेब्रुवारी २००५ रोजी ७,५०३ कमानींचे केशरी पडदे उलगडले. उघड्या फांद्या, खाली बर्फ आणि मध्ये सदतीस किलोमीटर केशरी वाट. हे दृश्य खड्ड्यांच्या मूळ आराखड्यात, झाडे पानांनी भरलेली असताना, इतके खुलले नसते असे आमचे मत आहे.

झान-क्लोद १८ नोव्हेंबर २००९ रोजी वारली. मागे एक मोठे प्रकरण अर्धवट राहिले होते. कोलोरॅडोतील आर्कान्सॉ नदीवर रुपेरी कापडाचे छत ठिकठिकाणी ताणावयाचे, असा तो बेत १९९२ पासून चालू होता. नदीकाठची बरीचशी जमीन अमेरिकेच्या संघ सरकारची. सरकारने एखाद्या खाणीची वा धरणाची करावी तशी या कलाकृतीची पर्यावरणविषयक सविस्तर चौकशी केली, आणि २०११ मध्ये अनुमती दिली. स्थानिक विरोधक न्यायालयात गेले; तेथेही निकाल सामान्यतः ख्रिस्तोच्याच बाजूने लागत गेले. स्वतःच्या पदरचे कोट्यवधी डॉलर खर्ची पडले होते. मार्ग मोकळा होत आला असताना जानेवारी २०१७ मध्ये, डोनाल्ड ट्रम्प अध्यक्षपदी आल्यानंतर, एक्याऐंशी वर्षांच्या ख्रिस्तोने प्रकल्पच सोडून दिला. या जमिनीचा मालक आता नव्या अध्यक्षाचे शासन आहे, आणि त्या जमीनमालकाच्या पदरात ही कृती घालण्याची आपणास इच्छा नाही, असे त्याने सांगितले. आपण साम्यवादी देशातून आलो, हेही त्याने या वेळी आठवले.

या निर्णयाविषयी मतभेद झाले, आणि होणे रास्त आहे. शासने येतात व जातात, नदी कोणा अध्यक्षाची नसते, आणि परवाना देणाऱ्या खात्यातील माणसांनी तर आपले काम नेकीने केले होते. कदाचित वार्धक्य आणि झान-क्लोदची उणीव यांचाही त्यात भाग असेल. तरीही, ज्याला आयुष्यभर इतरांच्या होकाराची वाट पाहावी लागली, त्याच्यापाशी स्वतःचा नकार शिल्लक होता, आणि तो वापरण्यास त्याने पंचवीस वर्षांच्या श्रमाचे मोल दिले, ही गोष्ट आम्हांस त्याच्या कोणत्याही गुंडाळलेल्या वास्तूइतकीच मोठी वाटते.

त्याआधी एक वर्ष इटलीतील इझेओ सरोवरावर त्याने तीन किलोमीटर लांबीची तरंगती पिवळी वाट केली होती, आणि सोळा दिवसांत सुमारे बारा लाख माणसे पाण्यावरून चालून गेली होती. अबुधाबीच्या वाळवंटात ४,१०,००० पिंपांची एक भव्य रास रचावी, हा १९७७ पासूनचा बेत मात्र त्याच्या मृत्यूसमयी कागदावरच होता. त्याच्या सर्व बेतांत कायम टिकावी अशी ती एकच कृती. ३१ मे २०२० रोजी न्यू यॉर्क येथे त्याचे निधन झाले.

पॅरिसमधील आर्क द त्रिओंफ ही विजयकमान गुंडाळण्याचे चित्र त्याने साठीच्या दशकाच्या आरंभी, कागदपत्रांविना त्या शहरात राहत असताना केले होते. सुमारे साठ वर्षांनी परवानगी मिळाली, आणि तीही फारशी कटकट न होता. काम २०२० च्या वसंतात व्हावयाचे, तर कमानीवर घरटी करणाऱ्या ससाण्याच्या जातीच्या लहान पक्ष्यांस त्रास होईल, अशी हरकत निघाली. पक्ष्यांसाठी तारीख पुढे गेली, आणि मग साथीमुळे आणखी एक वर्ष पुढे गेली. १८ सप्टेंबर २०२१ रोजी त्याच्या पुतण्याने व जुन्या सहकाऱ्यांनी पंचवीस हजार चौरस मीटर निळसर रुपेरी कापड आणि तीन हजार मीटर तांबडा दोर वापरून ती कमान झाकली. कमानीखालील अनामिक सैनिकाच्या समाधीवरील ज्योत रोज संध्याकाळी प्रज्वलित करण्याचा विधी त्या सोळा दिवसांतही खंड न पडता चालू राहिला. ३ ऑक्टोबरला मुदत संपली, आणि कापड उतरविण्यास सुरुवात झाली.